बोललेले पुन्हा ऐकताना

‘डिजिटल वर्ग’ हा शब्दप्रयोग आमच्याकडे आला तेव्हा त्याचा अर्थ भिंतीवरचा पांढरा पडदा, छताला टांगलेला प्रोजेक्टर आणि या दोहोंना कुलूप लावून ठेवणारी खोली असा होता. पुष्कळ ठिकाणी तो अजूनही तसाच आहे. खोली उघडायची, खिडक्या लावून अंधार करायचा, चित्रे दाखवायची आणि तास संपला की पुन्हा कुलूप घालायचे. विज्ञानाच्या किंवा भूगोलाच्या शिक्षकाला या खोलीचा उपयोग सहज समजतो. हृदयाच्या झडपा कशा उघडतात, नदी खोरे कसे कोरते, हे डोळ्यांना दिसले की निम्मे समजते. साहित्य आणि भाषा शिकवणाऱ्यांची पंचाईत अशी की आमच्यापाशी दाखवण्यासारखे फारसे काही नसते. कवितेसोबत पावसाचे चित्र दाखवले म्हणून कविता शिकवली असे होत नाही. विद्यार्थ्याच्या मनात जो पाऊस येऊ घातला होता, तो त्या चित्रामुळे यायचाच राहतो. मग या साधनांचे भाषेच्या शिक्षकाने करावे तरी काय? जिंतूरच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवताना आम्ही विभागातील मंडळी गेली काही वर्षे या प्रश्नाशी झगडत आहोत. त्यातून जे हाती लागले, ते येथे मांडत आहोत.

जिंतूर हे परभणी जिल्ह्याच्या उत्तरेकडील तालुक्याचे गाव. गावाजवळ नेमगिरीची जैन लेणी आहेत, तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण आहे, चारठाण्याची जुनी मंदिरे आहेत. गावाला रेल्वे नाही. विद्यार्थी येतात ते एसटीने, काळीपिवळीने, नाहीतर कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून. डोंगराकडच्या गावांतून आणि तांड्यांवरून येणाऱ्यांपैकी काहींचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि मग वर्गातले काही बाक उन्हाळ्यापर्यंत रिकामे राहतात. वर्ग मराठीचा असला तरी त्यात बोलल्या जाणाऱ्या भाषा तीन: परभणीकडची मराठी, तांड्यावरची गोरमाटी आणि गावातील मुस्लिम वस्त्यांमधली दखनी. हा सारा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. शिक्षणाची प्रतिष्ठित भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये हैदराबादेत स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. आमच्या विद्यार्थ्यांच्या पणजोबांना सरकारी कागदावरची भाषा परकी होती. पणतवंडांना कागदावरची मराठी तितकी परकी नाही, पण ती आपली आहे असेही त्यांना वाटत नाही. वर्गात प्रश्न विचारला की उत्तर माहीत असलेली मुलेही गप्प बसतात. उत्तराची त्यांना खात्री असते. ते उत्तर ज्या बोलीत तोंडून बाहेर पडेल, त्या बोलीची त्यांना लाज वाटते.

शिक्षणातील नव्या साधनांचा विषय निघाला की महाराष्ट्राला मान खाली घालण्याचे कारण नाही. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात पाष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड यांनी जे उभे केले, ते पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानांवर क्यूआर कोड छापून त्यामागे ध्वनी, चित्रफिती आणि प्रश्न ठेवले. पुढे तशा खुणा राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आल्या. २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार डिसले यांना मिळाला आणि पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. केंद्र सरकारचे ‘दीक्षा’ हे व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झाले. २०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली आणि ज्या घरी स्मार्टफोन नव्हता, त्या घरीही निदान दूरचित्रवाणीवरून धडा पोहोचला. त्या दिवसांत आमचे विद्यार्थी रेंज मिळावी म्हणून टेकडीवर चढून तास ऐकत होते. या सगळ्या प्रयत्नांविषयी आम्हांला आदरच आहे.

तथापि या साऱ्यांत ज्ञानाचा प्रवास बहुतांशी एकाच दिशेने होतो. ते कुठेतरी तयार होते आणि आमच्यापर्यंत येते. जिथे शिक्षक पोहोचत नाही, पुस्तक पोहोचत नाही, तिथे अशा प्रवासाचे मोल फार मोठे आहे. परंतु भाषेच्या वर्गाची गोष्ट थोडी निराळी आहे. गणिताच्या वर्गात मुलगा येतो तेव्हा समीकरण बरोबर घेऊन येत नाही. भाषेच्या वर्गात तो येतो तो एक संपूर्ण भाषा घेऊनच. तिचे व्याकरण, तिच्या म्हणी, तिच्या शिव्या, तिची गाणी हे सारे त्याच्यापाशी असते. आजवर ते वर्गात आणण्याची सोय नव्हती, कारण वर्गाची साधने लेखनाची होती. फळ्यावर लिहिलेलेच टिकते. बोललेले उच्चारताक्षणी विरून जाते, आणि जे विरते त्याचा अभ्यास करता येत नाही. त्यामुळे छापलेली मराठी हीच मराठी आणि बाकीचे सारे अशुद्ध, हा समज कुणी मुद्दाम शिकवला नाही तरी फळ्यानेच तो शिकवला. बोललेले पकडून ठेवणारे आणि पाहिजे तितक्या वेळा परत ऐकवणारे यंत्र आज आमच्या बहुतेक घरांत आहे. ‘मोबाइल आत आणू नये’ अशी पाटी ज्याच्यासाठी लावली जाते, तेच ते यंत्र.

आम्हांला याचा अंदाज ओवी शिकवताना आला. ओवी हा पदवीच्या अभ्यासक्रमातला नेहमीचा घटक. ग्रांथिक ओवी आणि लोकगीतातली ओवी यांतला फरक, चरणसंख्या, यमक हे सारे सांगायचे आणि चार उदाहरणे फळ्यावर लिहायची, असा आमचा शिरस्ता होता. जनाबाईचे गंगाखेड याच जिल्ह्यातले, त्यामुळे जात्याचा उल्लेख झाला की वर्गात ओळखीची मान डुलते, पण तेवढेच. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. लाखाहून अधिक ओव्यांचा तो संग्रह आहे. त्यातील पुष्कळ ओव्यांचे ध्वनिमुद्रणही झाले आहे आणि पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या आंतरजालीय संग्रहालयावर त्या ऐकता येतात. आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यातील माजलगावच्या स्त्रियांनी बाबासाहेबांवर गायिलेल्या ओव्याही त्यात आहेत. एके दिवशी फळा बाजूला ठेवून आम्ही त्यांतल्या काही ओव्या वर्गात नुसत्या ऐकवल्या.

पुस्तकात ओवी तीन-साडेतीन चरणांत आटोपते. गळ्यातून येते तेव्हा ती तशी राहत नाही. बाई ओळीचा तुकडा पुन्हा घेते, मध्ये ‘बाई’ किंवा ‘गं’ घालते, श्वास तुटतो तिथे थांबते, दुसरी तो तुकडा उचलते. वृत्ताची मात्रा जिथे कमी पडते असे पुस्तकात वाटते, तिथे प्रत्यक्षात जात्याचा एक फेरा असतो. हे आम्ही आधी शब्दांत अनेकदा सांगितले होते आणि विद्यार्थ्यांनी ते वहीत उतरवूनही घेतले होते. त्या दिवशी ते त्यांना ऐकू आले. तास संपताना मागच्या बाकावरची, वर्षभर एक शब्द न बोललेली मुलगी म्हणाली, “सर, आमच्या मोठ्या मायला येतेत ह्या.” आणि बोलून झाल्यावर ‘येतेत’ हा शब्द तोंडून गेला म्हणून तिने जीभ चावली.

पुढच्या आठवड्यात तिने आजीच्या ओव्या भावाच्या फोनवर मुद्रित करून आणल्या. मग दुसऱ्याने आणल्या, तिसऱ्याने तांड्यावरची लग्नगीते आणली, एकाने आजोबांनी सांगितलेली रझाकाराच्या दिवसांतली हकीकत आणली. हे सारे ऐकताना आमच्या ध्यानात आले की हे काम या मुलखात फार उशिरा होत आहे, आणि त्याला कारण आहे.

जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचे नाव भाषाविज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. १९०३ ते १९२८ या काळात त्याचे खंड निघाले. मराठीचा सातवा खंड १९०५ चा. प्रत्येक बोलीत बायबलातील उधळ्या पुत्राची गोष्ट सांगवून घ्यायची आणि तिच्या जोडीला स्थानिक मजकुराचा नमुना घ्यायचा, अशी त्याची रीत होती. पुढे १९१३ पासून ग्रामोफोनवर अनेक भाषांचे आवाजही मुद्रित केले गेले. ते आता शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. पण मद्रास इलाखा, ब्रह्मदेश, म्हैसूर आणि हैदराबाद संस्थान हे प्रदेश त्या सर्वेक्षणाच्या कक्षेबाहेर ठेवले गेले होते. म्हणजे कोकणातल्या आणि वऱ्हाडातल्या माणसाचे बोलणे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी नोंदले जात असताना परभणीचा माणूस केवळ हद्दीपलीकडे राहतो म्हणून नोंदीबाहेर राहिला. अलीकडे ही उणीव भरून काढण्याचे काम झाले आहे. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड २०१३ मध्ये अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली आला. पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयाने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण करून आवाजांसह आंतरजालावर ठेवले आहे. तरीही गावोगावच्या बोलण्याची नोंद दोनचार संस्थांच्या हातून पुरी होणे शक्य नाही. वर्गात ही कहाणी सांगितली तेव्हा एकाने विचारले, “म्हणजे आपलं बोलणं कुणी लिहूनच घेतलं नव्हतं?” त्या प्रश्नानंतर मुद्रणाच्या कामाला जो वेग आला, तो आमच्या कोणत्याही सूचनेने आला नसता.

मुद्रण करणे सोपे असते. कष्ट असतात ते ऐकून लिहिण्यात, आणि खरे शिक्षणही तिथेच होते. दोन मिनिटांचे बोलणे कागदावर उतरवायला मुलांना सुरुवातीला दोन तास लागत. कान पुस्तकाला सरावलेला असल्यामुळे आजी ‘येतेत’ म्हणते आणि हात ‘येतात’ लिहितो. शेजारी बसलेला म्हणतो, पुन्हा लाव. पुन्हा ऐकले जाते. ‘येतेत’च असते. मग प्रश्न उभे राहतात. ‘व्हतं’ लिहायचे की ‘होतं’? अनुस्वार कुठे द्यायचा? गोरमाटीतला एखादा स्वर देवनागरीत बसतच नसेल तर त्यासाठी कोणती खूण करायची? लिपी ही बोलीवर घातलेली एक तडजोड आहे, हे वाक्य आम्ही भाषाविज्ञानाच्या तासाला कितीतरी वर्षे सांगत आलो. या मुलांना ते सांगावे लागले नाही.

यंत्राला बोलून मजकूर लिहिण्याची सोय मराठीसाठी २०१७ पासून फोनवर आली आहे. मुलांनी साहजिकच ती वापरून पाहिली. आजीचा आवाज यंत्रासमोर धरला आणि यंत्राने ‘येतेत’चे ‘येतात’ केले, ‘व्हतं’चे ‘होतं’ केले, काही ठिकाणी भलतेच काही लिहिले. मुलांना हसू आले. आम्हांला मात्र हा तासाचा उत्तम विषय वाटला. जे अधिक लिहिले गेले त्यावर यंत्र वाढले. आमचे बोलणे लिहिले गेले नाही, म्हणून ते यंत्राच्या कानावर पडले नाही. प्रमाणभाषा कशी घडते, ती कुणाच्या लेखनावर उभी राहते, याचे याहून स्पष्ट प्रात्यक्षिक आम्हांला दाखवता आले नसते.

सर्वांत मोठा लाभ व्याकरणात झाला. परभणीकडे ‘मी काम करतो आहे’ असे फारसे कुणी म्हणत नाही. ‘मी काम करायलोय’ असे म्हणतात. शाळेपासून हे वाक्य लाल शाईने खोडले जाते. मुद्रणे पुरेशी जमल्यावर एका गटाला आम्ही एवढेच सांगितले की यातली अशी सारी रूपे वेचून काढा. पंधरा दिवसांत त्यांनी तक्ता मांडला. मी करायलोय, बाई बोलत असेल तर करायले, तू करायलास, तो करायला, ती करायली, आम्ही करायलोत, ते करायलेत. पुरुष, वचन, लिंग यांप्रमाणे रूपे शिस्तीने बदलत होती आणि एका गावात जी शिस्त, तीच थोड्या फरकाने दुसऱ्या गावात. ‘तो काम करायला’ हे पुस्तकी मराठीत अर्धे राहिलेले वाक्य आहे. पुढे ‘गेला’ किंवा ‘लागला’ यायला हवे. आमच्याकडे ते पूर्ण वाक्य आहे. पुस्तकी मराठीतील ‘करायला’शी त्याचा संबंध काय, या रूपाची घडण कशी झाली असेल, यावर मग जी चर्चा झाली तशी चर्चा आमच्या व्याकरणाच्या तासाला पूर्वी कधी झाली नव्हती. ज्याला नियम असतात ते अशुद्ध कसे, हा प्रश्न त्यांच्यातल्याच एकाने विचारला. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत प्रमाणभाषाच लिहावी लागते हे त्यांनाही समजते आणि आम्हीही ते शिकवतोच. पण आता ती मुले ‘करतो आहे’ लिहितात ती दुसरे एक रूप म्हणून. चुकीची दुरुस्ती म्हणून नव्हे. लाल शाई अजून आहे, तिचा धाक कमी झाला आहे.

शब्दांच्या बाबतीत जुने कोश आंतरजालावर आल्याने आमच्यासारख्या लहान ग्रंथालयांचे दैन्य बरेच संपले. मोल्सवर्थचा कोश, दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’, शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश हे तिन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येतात. मराठी विश्वकोशही आंतरजालावर आहे. पूर्वी यांतला एखादा खंड पाहायचा तर परभणी किंवा औरंगाबाद गाठावे लागे. आता आजीच्या तोंडचा शब्द आणि १८५७ च्या आवृत्तीतला मोल्सवर्थ एकाच तासात समोरासमोर येतात. ‘सरवा’ हा शब्द आमच्या एका विद्यार्थ्याने आणला. सुगी झाल्यावर रानात राहिलेली कणसे वेचणे म्हणजे सरवा वेचणे. ज्यांना वावर नाही त्यांचा तो हक्क आणि आधार. आपल्या घरातला, गरिबीच्या वासाचा हा शब्द कोशात छापलेला पाहून तो मुलगा बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला. ‘धुरा’ या शब्दावर वेगळीच गंमत झाली. भाषणांतली धुरा स्त्रीलिंगी. ती कुणाच्या तरी खांद्यावर येते. आमचा धुरा पुल्लिंगी. तो दोन वावरांच्या मध्ये असतो आणि त्याच्यापायी भावाभावांत तहसीलपर्यंत जाणे होते. एकाच वर्गात दोन्ही अर्थ ठाऊक असलेली मुले होती आणि त्यांतल्या कुणालाही वाटले नव्हते की यात सांगण्यासारखे काही आहे.

या साऱ्याला अडचणी आहेत आणि त्या यंत्राच्या कमी, माणसांच्या अधिक आहेत. घरात फोन असतो, पण तो मुलीचा नसतो. भावाचा असतो, वडिलांचा असतो, आणि त्यात काय मुद्रित होते यावर त्यांची नजर असते. म्हणून आम्ही काम गटाने करायला लावतो आणि मुलींच्या गटाला विभागाचा फोन देतो. भारनियमन आहे, भरलेली मेमरी आहे, नादुरुस्त झालेल्या फोनबरोबर गेलेली मुद्रणे आहेत. या सर्वांहून कठीण प्रश्न मात्र एकदाच उभा राहिला, आणि त्याची आठवण आम्ही दर वर्षी नव्या वर्गाला देतो.

एका विद्यार्थिनीने आपल्या गावातील एका वृद्धेच्या ओव्या मुद्रित केल्या होत्या. त्या विलक्षण होत्या. सासरच्या छळाच्या, पाण्यात जीव द्यायला निघालेल्या रात्रीच्या, आणि त्यात घरातल्या माणसांची नावे होती. वर्गाने त्या ऐकल्या तेव्हा कुणी बोलले नाही. चार दिवसांनी वृद्धेचा निरोप आला की ते पुसून टाका. सून ऐकेल, नातसून ऐकेल, मेलेल्या माणसाचे नाव घरात निघेल. जात्यापाशी बाई एकटी असते, पहाट असते, म्हणून ती ते म्हणू शकली होती. वर्गात दोन तट पडले. काहींचे म्हणणे असे की अशा ओव्या पुन्हा मिळणार नाहीत, नावे काढून ठेवा, साहित्याचे नुकसान करू नका. मुद्रण करणारी मुलगीच यात सर्वांत आग्रही होती. दुसऱ्या बाजूचे म्हणणे एवढेच की त्या तिच्या आहेत. आम्ही निर्णय दिला नाही. त्या मुलीला परत त्यांच्याकडे पाठवले. ती दोन दिवसांनी आली आणि म्हणाली, “मी त्यांच्या म्होरंच पुसलं. मग त्यांनी मला परत म्हणून दाखवल्या. म्हणल्या, तू ध्यानात ठेव.” तिने त्या ध्यानात ठेवल्या आहेत की नाहीत, हे आम्ही तिला विचारलेले नाही. तेव्हापासून प्रत्येक मुद्रणासोबत एक कागद असतो: सांगणाऱ्याचे नाव लिहायचे की नाही, कुठवर ऐकवायचे, आणि मन बदलल्यास पुसून टाकण्याचे वचन. संहिता, संहितेचा कर्ता, वाचकाचा हक्क या संज्ञा आम्ही समीक्षेच्या तासाला शिकवतो. त्या कागदावर अंगठा घेताना त्यांना जो अर्थ येतो, तो पुस्तकात नाही.

गेल्या दोन-तीन वर्षांत आणखी एक साधन वर्गात शिरले आहे. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि आता रसग्रहण, आशय, लेखकपरिचय हे सारे मुले त्याला लिहायला सांगतात. उत्तरे गुळगुळीत असतात, शुद्ध असतात आणि एकसारखी असतात. त्यावर बंदी घालण्यात अर्थ नाही. घातली तरी ती पाळली जाणार नाही. आमचा अनुभव असा की जिथे प्रश्नच आधी छापलेला असतो आणि उत्तर मार्गदर्शिकेत तयार असते, तिथे मुले यंत्राला विचारतात, आणि त्यात त्यांचा दोष कमी आहे. मार्गदर्शिका पाठ करून लिहिलेले उत्तर तरी पूर्वी कुठे त्यांचे होते? आपल्या आजीच्या ओवीचे लेखन, त्यातल्या शब्दांचा शोध आणि त्यावरचे टिपण हे काम मात्र यंत्राकडून करून घेता येत नाही, कारण ती ओवी यंत्राने ऐकलेली नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतरच्या पदवी आराखड्यात क्षेत्रप्रकल्पाला श्रेयांक आहेत. हे काम आता तिथे बसवता येते. इतर महाविद्यालयांच्या मराठी विभागांनीही याचा विचार करावा, असे आम्ही सुचवतो.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यासाठी शिलालेख, जुने ग्रंथ, प्राचीन दाखले पुढे केले गेले, ते योग्यच झाले. आम्हांला चिंता आहे ती आजच्या शब्दांची. परभणी ही ज्वारीची भूमी. येथील कृषी विद्यापीठाने ज्वारीचे वाण काढले आणि ‘परभणी मोती’, ‘परभणी शक्ती’ अशी जिल्ह्याची नावे त्यांना दिली. पण शिवारात ज्वारी कमी होत चालली आहे आणि सोयाबीन वाढले आहे. सोयाबीन यंत्रात घातले की एका दिवसात निघते. ज्वारीची काढणी, पेंढ्या बांधणे, बुचाड रचणे, कणसे मोडणे, खळ्यावरची रास, उरलेले मातेरे, मागचा सरवा या कामांची एक साखळी होती आणि प्रत्येक कडीला नाव होते. काम गेले की नाव जाते. वर्गातल्या निम्म्या मुलांनी बुचाड पाहिलेले नाही. शब्द फक्त ऐकला आहे. त्यांच्या मुलांना तो ऐकायलाही मिळणार नाही.

म्हणून या वर्षी आम्ही विद्यार्थ्यांना एकच काम दिले आहे: ज्वारीच्या पेरणीपासून भाकरीपर्यंतचे शब्द, सांगणाऱ्याच्या आवाजात. तांड्यावरच्या मुलांनी ते गोरमाटीत आणायचे, दखनी बोलणाऱ्यांनी दखनीत. सारे जमल्यावर त्याची एक प्रत संगणकावर, एक बाहेरच्या साठवणीत आणि एक छापून, शिवून ग्रंथालयाच्या कपाटात राहील, कारण यंत्रे पाचसात वर्षांत बदलतात आणि कागदाला विजेची गरज लागत नाही. काम दिवाळीपूर्वी उरकायचे आहे. त्यानंतर ज्यांचे आईवडील उसाला जातात, ती मुले वर्गात नसतील. त्यांच्यातल्या दोघांनी यंदा विचारून ठेवले आहे की फडावरचे शब्द आणले तर चालतील का. कोयता, मोळी, टोळी यांच्यापलीकडचे आणखी बरेच शब्द तिथे आहेत, असे ते म्हणतात. चालतील, असे आम्ही सांगितले आहे.